गळ्याशी आलेली थंडी

दुकानातल्या पोरानं विचारलं ते अगदीच साधं होतं. "काकू, तुम्हाला थंडी जास्त वाजते का कमी?" काउंटरवर त्यानं पाच-सहा नेक वॉर्मर, म्हणजे सायकलवर थंडीत गळ्यात घालायच्या कापडी नळ्या, पसरले होते. एक जाड फ्लीसचा, एक पातळ आणि ओढला की हातभर ताणला जाणारा, एक आतून केसाळ नि बाहेरून गुळगुळीत, एकावर कवटीचे दात छापलेले (हा त्यानं माझ्याकडे बघून हळूच बाजूला सारला). माझ्या उत्तरावर पुढचं सगळं अडलं होतं. जास्त म्हटलं तर फ्लीस, कमी म्हटलं तर पातळ. आणि मला उत्तरच येईना. पोरांना बाकावर उभं करून प्रश्न विचारण्यात माझी निम्मी हयात गेली, आणि इथं त्या विशीतल्या पोरासमोर मी "म्हणजे तसं..." करत उभी. शेवटी "बघते, येते परत" म्हणून बाहेर पडले. नेक वॉर्मर घ्यायला एवढा विचार कसला, असा चेहरा त्यानं केला. पोवई नाक्यावर रस्ता ओलांडताना, घरी मेथी निवडताना, रात्री दिवा मालवल्यावरसुद्धा तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

साताऱ्याची थंडी म्हणजे काही लडाखची थंडी नव्हे, हे मान्य. पारा दहा-बारावर येतो, एखाद्या पहाटे दहाच्याही खाली घसरतो, आणि तेवढ्यावर आम्ही गल्लोगल्ली शेकोट्या पेटवतो. डिसेंबर लागला की पेपरात महाबळेश्वरच्या वेण्णा लेकच्या काठावर गोठलेल्या दवाचे फोटो येतात, गाडीच्या टपावरचं ते पांढरं खरवडून मुठीत धरलेला एखादा पर्यटक त्यात असतोच. पण सायकलवर बसलेल्या माणसाचं थंडीशी वेगळं भांडण असतं. बाहेर झाडाचं पान हलत नसलं तरी सायकलवाला आपला वारा आपणच तयार करतो. वाऱ्यामुळे थंडी किती वाढल्यासारखी वाटते हे काढायचं एक सूत्र अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी २००१ साली ठरवलं. त्या सूत्रात आकडे घालून पाहिले, तर हवा १० अंशांवर असताना ताशी ४० किलोमीटरनं यवतेश्वरचा घाट उतरणाऱ्याच्या उघड्या कातडीला ती ६ अंशांची भासते. चाळीस हा वेग उतारावर काहीच नाही, ब्रेक दाबून धरले तरी सायकल तेवढी पळते. हाताला मोजे असतात, अंगात जाकीट असतं, पायांना तर कामच असतं. उरतो गळा. हनुवटी आणि जाकिटाची चेन यांच्यामधली ती चार बोटं जागा. तिथून वारा शिरला की सरळ छातीपर्यंत पोचतो आणि मग चेन वर ओढा, खांदे आवळा, मान आखडा, काही केल्या तो बाहेर निघत नाही.

आमच्या सायकलच्या ग्रुपमध्ये नवा माणूस आला की त्याला वाटतं, यवतेश्वरचा घाट चढून वर कासला जायचं म्हणजे जास्त कपडे आणि खाली नदीकाठच्या माहुलीला जायचं म्हणजे कमी. सूर्य उगवायच्या आधी बऱ्याचदा उलटं असतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन दिवसाची ऊब आभाळाला देऊन टाकते, तिला टेकलेली हवा गार होऊन जड होते आणि उतार धरून खाली येते. सातारा शहर पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरतं, त्यामुळे सगळी गार हवा शेवटी जाऊन साचते ती कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. चिमणपुऱ्यातून निघालं की राजवाड्यापर्यंत बरं वाटतं, पोवई नाका ओलांडेपर्यंत कान गार पडतात, आणि माहुलीच्या पुलावर नदीतून वर येणारं धुकं चेहऱ्याला लागलं की डोळ्यांतून पाणी. त्याच वेळी यवतेश्वरच्या वरच्या वळणावर उभं राहिलं तर हवा चक्क सौम्य असते. खाली अख्खं शहर धुरकट चादरीखाली, फक्त अजिंक्यतारा आणि त्याच्यावरचा दूरदर्शनचा मनोरा तेवढा बाहेर. महाबळेश्वर गावात दव गोठत नाही आणि खाली वेण्णा लेकवर गोठतं, त्यामागचं कारणही हेच. वर गेलं की थंडी वाढते असं शाळेत शिकवतो आम्हीच, आणि ते खोटं नाही. पहाटेपुरतं तेवढं ते लागू पडत नाही.

माहुलीचा पूल मला सायकलच्या आधीपासून ओळखीचा आहे. आप्पा रयतच्या शाळेत मास्तर होते आणि बरीच वर्षं पलीकडच्या एका गावात सायकलनं जात. सकाळी जाताना सगळा उतार, म्हणजे पॅडल मारायचं काम नाही आणि अंग तापायचा प्रश्न नाही. संध्याकाळी दमून येताना सगळा चढ. गावाची रचनाच मास्तरांवर रुसलेली. थंडीत त्यांचा एक विधी असे. आधी बनियन, त्यावर शर्ट, मग आदल्या दिवशीचा 'ऐक्य' पेपर उलगडून, दोनदा घडी घालून शर्टाच्या आत छातीवर, वर स्वेटर, आणि शेवटी तपकिरी चौकड्यांचा मफलर. मफलरची दोन्ही टोकं ते स्वेटरच्या आत खोचत, आणि मग आरशात न बघता हनुवटी दोनदा वर-खाली करून गळा मोकळा करून घेत. ते हनुवटी हलवणं अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. आम्हा भावंडांना त्या पेपरची फार लाज वाटे. वाकले की कुरकुर आवाज यायचा. खूप पुढे, सायकलिंगचं वेड लागल्यावर, मला कळलं की टूर द फ्रान्समधले स्वार हेच करत आलेत. घाटाच्या माथ्यावर बघे लोक वर्तमानपत्र घेऊन उभे राहायचे, आणि स्वार ते चालत्या सायकलवरून ओढून जर्सीच्या आत सरकवून उतारावर सुटायचे. घामानं भिजलेल्या छातीवर समोरून येणारा वारा अडवायला कागदाइतकं स्वस्त काही नाही. आप्पांना हे सांगायला हवं होतं. ते म्हणाले असते, "त्यांचा पेपर कुठला?"

मफलर आईनं विणलेला होता. आमच्या घरातली गळ्याची सगळी वस्त्रं आईनंच विणली. कानटोप्या, मफलर, पुढून बंद होणारे गळपट्टे. मोती चौकातून लोकर यायची, तिच्या लडी दोन गुडघ्यांवर ताणून धरायचं काम माझं. एक सुलट, एक उलट. ती लोकर कॅशमिलॉनची, म्हणजे मुळात ॲक्रिलिक. मेंढीचा तिच्याशी काही संबंध नाही. हे माहीत झाल्यावरही आम्ही तिला लोकरच म्हणत राहिलो. ॲक्रिलिक हलकं असतं, रंग पक्का धरतं, कसर लागत नाही, आणि संसाराच्या पैशांत बसतं. पण घाम आला की ते शोषून घेत नाही, कातडीवर नुसतं चिकचिक करत राहतं, आणि विण सैल असली तर वारा आरपार. म्हणून तर मफलरच्या खाली पेपर लागत होता. आईला हे सगळं विणतानाच कळत असणार, कारण आप्पांचा मफलर तिनं दुहेरी धाग्याचा विणला होता. स्वतःसाठी मात्र तिनं कधी गळ्याचं काही विणल्याचं मला आठवत नाही. थंडीत ती डोक्यावरून पदर घ्यायची, झालं.

खऱ्या लोकरीची गोष्ट निराळी, आणि त्यासाठी आपल्याला परदेशात जायची गरज नाही. माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला, दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची घोंगडी खड्ड्याच्या मागावर विणतात आणि तिला चिंचोक्याची खळ देतात. पावसात धनगर ती डोक्यावरून घेऊन दिवसभर कळपामागे हिंडतो. पण तीच घोंगडी गळ्याशी दोन मिनिटं धरून बघा. टोचते. त्याला हिशेब आहे. लोकरीच्या तंतूची जाडी ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे गेली की त्याचं टोक कातडीवर वाकत नाही, रुतून बसतं. दख्खनी लोकर त्याच्या बरीच पुढे असते. मेरिनो मेंढीचा तंतू विशीच्या आसपास किंवा त्याहून बारीक, म्हणून तो कातडीला लागला की वाकतो आणि टोचत नाही. गुण मात्र दोघींचा एकच. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के बाष्प पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, वर ते शोषताना थोडी ऊब सोडते. वासही लवकर धरत नाही. सुती कापड याच्या नेमकं उलट. घाम पितं, तो धरून बसतं, आणि उतारावर गळ्याभोवती गार पट्टी ठेवल्यासारखं होतं. सुती रुमाल बांधून घाट चढणारी हौशी मंडळी दर हिवाळ्यात दिसतात, आणि कासहून परत येताना त्यांचे रुमाल हँडलला बांधलेले असतात.

तर हे सगळं मला माहीत होतं. कापडांची जात, त्यांचे भाव, फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर आणि त्यातलं काही आता पाण्याच्या जुन्या बाटल्यांपासून होतं हेसुद्धा. मग त्या पोराला उत्तर का देता आलं नाही?

गेल्या थंडीतली गोष्ट. यवतेश्वरचा घाट चढत होतो. समर्थ मंदिरापाशी वळलो तेव्हा बोटं बधिर होती, नेक वॉर्मर नाकापर्यंत ओढलेला, सगळं छान चाललं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर, चढ काही फार नसताना, छातीतून एक गरम लाट वर आली. चढाचा घाम मला ओळखू येतो, तो पाठीतून आणि हळूहळू येतो. ही लाट गळ्यातून कानांपर्यंत एका दमात गेली, चेहरा पेटला, कपाळावर हेल्मेटच्या पट्ट्याखाली घाम उभा राहिला. त्या क्षणी गळ्याभोवतीचं ते कापड असं काही आवळलं की मी सायकल कठड्याला लावली, नेक वॉर्मर डोक्यातून उपसायला गेले, तो हेल्मेटच्या बंदात अडकला, आणि मी तिथं रस्त्यात दोन्ही हातांनी स्वतःशीच झटापट करत उभी. मागून आलेला ग्रुपमधला एक तरुण थांबला. "काकू, काय झालं? दम लागला का?" मी म्हटलं, "हो, लागला जरा." अजून काय सांगणार? दम मुळीच लागला नव्हता. चार-पाच मिनिटांत लाट ओसरली, आणि मग तोच ओला गळा वाऱ्याला लागून जी हुडहुडी भरली, ती वर चहाच्या टपरीवर दोन कप रिचवेपर्यंत गेली नाही.

पन्नाशीच्या उंबऱ्यावरच्या बायकांना हे वाचताना पुढचं सांगावं लागणार नाही. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे अशा वाफा येतात. मेंदूत तापमान सांभाळणारं जे केंद्र असतं, त्याला एरवी थोडी ढिलाई चालते. शरीर थोडं तापलं, थोडं निवलं तरी ते दुर्लक्ष करतं. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक कमी व्हायला लागलं की ती ढिलाई आकसते. मग अंग किंचित जरी तापलं तरी केंद्राला वाटतं फार तापलं, आणि ते सगळ्या खिडक्या एकदम उघडतं: कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. त्यानं गरजेपेक्षा जास्त थंडावा होतो, की लगेच थंडी वाजते. घाटावर सायकल चालवणं म्हणजे मुळातच तापणं आणि निवणं. त्यात हे. म्हणजे एकाच सकाळी, एकाच रस्त्यावर मला थंडी जास्तही वाजते आणि मुळीच वाजतही नाही, आणि कुठल्या वळणावर काय होईल ते माझ्या हातात नाही. हे त्या पोराला काउंटरवर कसं सांगायचं? डॉक्टरीणबाईंना सांगायलाही मी दोन दिवाळ्या घालवल्या.

तेव्हापासून एक जुनी रात्र सारखी समोर येते. माझी बारावी. पुढच्या खोलीत मी टेबलावर, पायांवर गोधडी, समोर रसायनशास्त्र. रात्री एक-दीडला मागच्या दाराची कडी वाजायची. आई उठलेली असायची. ती परसात जायची, धुण्याच्या दगडाशेजारी उभी राहायची, डोक्यावर पदर नाही, अंगात स्वेटर नाही, आणि पदराच्या टोकानं स्वतःला वारा घालायची. जानेवारीत. आप्पा आतून ओरडायचे, "अगं, दार लाव, गारठा येतोय." ती काही बोलायची नाही. थोड्या वेळानं आत यायची, माझ्यासाठी चहा टाकायची. मला वाटे, ही माझ्यासाठी जागतेय. मला त्याचा अभिमानही होता आणि ओझंही. मैत्रिणींना सांगायचे मी, आमची आई रात्रीची उठून चहा करते म्हणून. कधी वाटे, आप्पांवर चिडलीय. एकदा तिच्या मानेवर, मंगळसूत्राच्या खाली, काळे मणी घामानं चिकटलेले दिसले होते आणि मी विचारलं होतं, "बरं नाही का गं?" तर म्हणाली, "गॅसपाशी होते." गॅस तेव्हा पेटवलेलाच नव्हता.

त्या सबंध हिवाळ्यात ती आप्पांसाठी नवा मफलर विणत होती.

असो. मुद्दा गळ्याचा. गळ्याबद्दल लोकांच्या डोक्यात बरंच काही बसलेलं असतं. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, म्हणून डोकं-मान आधी झाका, हे आमच्या ग्रुपमध्येही कुणीतरी दर नोव्हेंबरात सांगतं. तसं काही नाही. डोकं म्हणजे शरीराचा दहावा भाग, त्याच्या वाट्याची उष्णता तेवढीच जाते. पण चेहरा आणि गळा गारठा पटकन टिपतात, त्यामुळे गळा झाकला की सगळंच बरं वाटतं. बरं वाटणं हेही काही कमी नाही. दुसरं कारण श्वासाचं. कोरडी गार हवा जोरजोरात ओढली की काहींची छाती भरून येते, खोकला सुटतो. तोंडावर कापड असलं की सोडलेल्या श्वासाची ऊब आणि ओल थोडी परत मिळते. आमच्यात एकाला दमा आहे, तो नाकावर कापड घेतल्याशिवाय घर सोडत नाही. मात्र मग चष्म्यावर वाफ धरते, आणि पहाटेच्या अंधारात, ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असताना, मागे रिफ्लेक्टर नसताना, वाफ धरलेल्या चष्म्यानं सायकल चालवणं हा गळा गार पडण्यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. त्या ट्रॉल्यांवर, मोळ्यांच्या वर, बाळाला पदराखाली घेऊन बसलेल्या बायका दिसतात. डोक्याला टॉवेल बांधलेला. त्यांच्या शेजारून मी मेरिनोचा विचार करत जाते, आणि तो विचार मग पुढचा किलोमीटरभर मला नकोसा होतो.

चेहरा झाकण्यात आणखी एक सुख आहे, ते कबूल करायला हवं. नाकापर्यंत कापड, वर चष्मा, वर हेल्मेट असलं की मी बाई का पुरुष, वीस वर्षांची का पन्नासची, कुणाला कळत नाही. आमच्याच कॉलनीतले एक गृहस्थ समोरून फिरून येतात. उघड्या चेहऱ्यानं दिसले की "काय मॅडम, या वयात?" झाकलेल्या चेहऱ्यानं गेले की बाजूला होऊन वाट देतात. स्कूटीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ बांधतात त्यावर स्टाफरूममध्ये मी बरीच टीका केली आहे. आता ती करताना आवाज थोडा खाली येतो. पण सायकलवर स्कार्फ मात्र नको, तिथं मी ठाम आहे. सुटी टोकं असलेलं काहीही नको. इसाडोरा डंकन ही नर्तकी १९२७ साली नीस शहरात मोटारीच्या चाकात गळ्यातला लांब स्कार्फ अडकून गेली. आपल्याकडे ओढणी चाकात जाण्याच्या बातम्या तर अधूनमधून येतातच. आप्पा मफलरची टोकं आत खोचत ते उगीच नाही. नळीसारखा, टोकंच नसलेला नेक वॉर्मर ज्या कुणी पहिल्यांदा शिवला, त्यानं ही कटकट कायमची मिटवली. स्पेनमधल्या एका कापड कारखानदारानं, तो मोटारसायकलवेडा होता म्हणे, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तसली बिनशिवणीची नळी बाजारात आणली. आज आमच्या ग्रुपमध्ये सगळ्याच नळ्यांना बफ म्हणतात, मग ती त्या कंपनीची असो नाहीतर रस्त्यावरची शंभर-दीडशेची.

पुढच्या रविवारी मी दुसऱ्या दुकानात गेले. पहिल्या पोराला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणा. तिथं शांतपणे एकेक बघितला. कापड ओठांशी धरून फुंकायचं. फुंकर सरळ पार गेली तर उतारावर वाराही तसाच आत येणार. अजिबातच गेली नाही तर श्वास अडणार आणि चष्मा धुरकटणार. थोडी अडून थोडी जाणारी बरी. दुकानदार म्हणाला, "ताई, फुंकून बघणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं." मग शिवण. जाडी शिवण हनुवटीखाली येते आणि तासाभरात घासते. मग दोरी आणि लॉक असलेला प्रकार. दिसायला सोयीचा, पण ते लॉक जबड्याखाली हेल्मेटच्या बकलशी भांडतं. लांबी हवी, म्हणजे गळ्यापाशी दुहेरी घडी घालता येते आणि लागेल तशी नाकापर्यंत ओढता येते. आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट: एका हातानं, सायकल न थांबवता, हेल्मेट न काढता तो खाली ओढता आला पाहिजे. त्यासाठी तो हेल्मेटच्या बंदांच्या आत असावा लागतो आणि चष्म्याच्या काड्या त्याच्या वरून. आधी नळी, मग हेल्मेट, शेवटी चष्मा. दुकानात मी हेल्मेटसकट हे सगळं करून बघितलं. फ्लीसचा सुंदर होता, हातात धरूनच झोप यावी असा. पण वाफ आली की त्यातून सुटका नव्हती; त्याला ऊब देणं तेवढं माहीत, ऊब सोडून देणं माहीत नाही. पातळ पॉलिएस्टरचा लगेच सुकतो, पण दोन राइडनंतर वास मारतो, आणि ओला असताना वाऱ्याला गार लागतो. शेवटी पातळ मेरिनोचाच घेतला, लांब, बिनशिवणीचा, राखाडी. किंमत सांगत नाही. त्या पैशांत घरात आठवड्याचा बाजार आला असता एवढंच सांगते. जोडीला तो दीडशेचा पॉलिएस्टरचाही घेतला, नुसता पाठीच्या खिशात कोरडा ठेवायला. घाट चढून झाला की ओला काढायचा, कोरडा घालायचा, मग उतरायचं. मेरिनोवाल्यांना हे पटत नाही, ते म्हणतात ओला असला तरी तो ऊब देतो. देतो, खरं आहे. पण माझा गळा किती ओला होतो ते त्यांना माहीत नाही.

नवऱ्याला पावती दिसली. "गळ्यात घालायला एवढे?" म्हणाले. मी म्हटलं, "अहो, गळ्यात घालायला यापेक्षा महाग तुम्ही कधी काही आणलंत का?" विषय तिथं संपला.

परवा आईकडे गेले होते, अंगात सायकलचेच कपडे. ती आता अठ्ठ्याहत्तरची आहे, डोळ्यांनी कमी दिसतं, पण बोटं शाबूत. तिनं माझ्या गळ्यातला तो राखाडी प्रकार ओढून घेतला, उलटा केला, आतली वीण अंगठ्यानं चाचपली. "मशिनची आहे. पण धागा चांगलाय. टोचत नाही." किंमत विचारली, मी निम्मी सांगितली, तरी तिनं "अगं आई गं" केलं आणि एवढ्यात किती मफलर झाले असते त्याचा हिशेब मांडला. मग एकदम आवाज खाली आणून, सून आत आहे ना हे बघून, म्हणाली, "ओला लागतोय गळ्यापाशी. तुला पण येतात का गं वाफा?"

मी म्हटलं, "येतात. तुला किती वर्षं होत्या?"

"झाली असतील सात-आठ." सरासरी तेवढीच असते, डॉक्टरीणबाईंनी मलाही सात वर्षंच सांगितली होती.

"मग कधी बोलली का नाहीस? मला वाटायचं तू माझ्या अभ्यासासाठी उठतेस."

"तुझी बारावी होती. तुला सांगून काय झालं असतं? आणि उठलेच आहे तर चहा करावा, म्हणून करायचे." असं म्हणून तिनं तो नेक वॉर्मर डोक्यातून गळ्यात घातला, आप्पांसारखी हनुवटी दोनदा वर-खाली केली, आणि रिमोट शोधायला लागली, तिची मालिका सुरू व्हायची वेळ झाली होती. मी घरी परत येताना खिशातला दीडशेवालाच घातला. महागाचा तिच्याकडून मागून कसा आणायचा, ते अजून ठरलेलं नाही.